छत्रीचा नॅपकिन

नाक मुरडण्यात मावशींचा हात धरणारं त्या बालवाडीत कोणी नव्हतं. ताई नवीन गाणं शिकवायला लागल्या की मावशी दारातून ऐकत आणि नाक मुरडत. पालक मुलाला सोडताना पायरीवर उकिडवे बसून त्याच्याशी वकिलासारखी चर्चा करू लागले, की मुरडत. बावीस वर्षांत पाच मोठ्या मॅडम आल्या नि गेल्या. प्रत्येकीने आल्या आल्या भिंतींचा रंग बदलला, आणि प्रत्येक रंगाखालून बेसिनजवळची ओल महिन्याभरात बाहेर आली. त्या ओलीबद्दल मावशींनी कधी तक्रार केली नाही. उलट ती दिसली की त्यांना आत कुठेतरी बरं वाटे.

काम मात्र चोख. सकाळी साडेसातला त्या यायच्या, बेचाळीस छोट्या खुर्च्या पुसायच्या, बाथरूम धुवायच्या, मग दिवसभर नाकं, ओल्या चड्ड्या, सांडलेलं दूध आणि खरचटलेले गुडघे. ताईंच्या टेबलावरची धूळही त्याच झटकत, आणि धूळ झटकता झटकता निरीक्षणाच्या वह्या वाचत. मावशी सातवी शिकलेल्या आहेत हे बालवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पगाराच्या रजिस्टरवर त्या मुद्दाम वेडीवाकडी सही करत. आपल्याला अडाणी समजणाऱ्या माणसांच्या वह्या वाचायची मजा काही औरच असते, आणि ती मजा हातची घालवायला मावशी काही खुळ्या नव्हत्या.

घरी एक नवरा होता, निवृत्त झाल्यापासून रेडिओला चिकटलेला. एक मुलगा होता, दूर नोकरीला; तो रविवारी चार मिनिटं फोन करी आणि त्यातली दोन मिनिटं हवेबद्दल बोले. मावशी त्या दोघांनाही नावं ठेवत, पण त्यात जीव नसे. खरी धार बालवाडीसाठी राखून ठेवलेली होती.

त्या बालवाडीत एक जुनी पद्धत होती. मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाला एक चित्र दिलेलं असे. मासा, बादली, कात्री, घंटा, असं काहीही. तेच चित्र त्याच्या खुंटीवर, त्याच्या कपावर आणि त्याच्या नॅपकिनच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं भरलेलं. मूल सोडून गेलं की चित्र नव्या मुलाकडे जाई. भरतकाम मावशींचं. दोरा विरला की त्या नॅपकिन घरी नेऊन पुन्हा भरत. हे तुझ्या कामात येतं का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

दुपारी एक ते अडीच मुलं झोपत. त्या वेळात मावशी मागच्या दोरीवरचे नॅपकिन काढून आणत आणि बेसिनजवळच्या बोळात बुटक्या स्टुलावर बसून घड्या घालत. वापरलेले, न वापरलेले, सगळेच रोज धुवायचे हा त्यांचा नियम. चौकोनी घडी, चित्र वर.

चार महिन्यांपूर्वी या बोळात घुमी आली. हे नाव मावशींनीच ठेवलेलं. साडेतीन वर्षांची पोर, बालवाडीत आल्यापासून तोंडातून शब्द नाही. गोलात बसवलं की भिंतीला पाठ लावून बसायची आणि गाणं सुरू झालं की पंख्याकडे बघायची. ताईंनी पंधरा दिवस लाडीगोडी लावली, मग हात टेकले. ती झोपतही नसे. एका दुपारी ती गादीवरून उठून बोळात आली, ढिगातला एक नॅपकिन उचलला, कोपरा बघितला आणि घडी घातली. चौकोनी, चित्र वर. मावशी काही बोलल्या नाहीत. घुमीही बोलली नाही. दोघींचं जमलं.

आठवड्याभरात पोर सगळ्या नॅपकिनांच्या घड्या घालू लागली. मग एक दिवस तिनं दोन नॅपकिन वेगळे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मावशींनी ते उचलून परत ढिगात टाकले. घुमीनं ते शोधून पुन्हा कट्ट्यावर नेऊन ठेवले. मावशी वैतागल्या आणि तिसऱ्यांदा उचलायला गेल्या, तेव्हा त्यांचं लक्ष चित्रांवर गेलं. घंटा आणि बादली. घंटेला गोवर आला होता आणि बादली मामाच्या लग्नाला गेली होती. दोघं त्या दिवशी आलेच नव्हते. मावशींचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताळा घेतला. एकच नॅपकिन कट्ट्यावर, मासा. माशाची खुंटी रिकामी होती. त्यानंतर रोज. बेचाळीस पोरांपैकी कोण आलं नाही, हे ताईंना रजिस्टर उघडून बघावं लागे, आणि ही एवढीशी पोर पाठ भिंतीला लावून, पंख्याकडे बघत, सगळ्यांची हजेरी घेत होती.

त्याच आठवड्यात मावशींनी चष्म्याच्या ताईंची वही वाचली. घुमीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘इतर मुलांची दखल घेत नाही.’ मावशी हातातलं फडकं तोंडावर दाबून पोटभर हसल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. पण त्यांनी सांगितलं कुणालाच नाही. सांगायचं कुणाला? कळसा सापडला म्हणून या बायका त्याला चिकटपट्ट्या लावून भिंतीवर टांगतील. शिवाय, खरं सांगायचं तर, आपल्याला माहीत आहे आणि त्यांना नाही, या गोष्टीची चव मावशींना दिवसभर पुरत होती.

घुमीच्या आईलाही त्यांनी सांगितलं नाही. ती कुरियरच्या काउंटरवर काम करायची आणि रोज पाच वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत यायची. मावशी मुलीच्या बुटाची नाडी बांधायच्या, तेवढ्यात ती विचारायची, "आज काही बोलली का हो?" मावशी वर न बघता सांगत, "ताईंना विचारा." दिवसभर पार्सलं हाताळणारी बाई, पोरीलाही एक पार्सलच समजून टाकून जाते आणि उचलून नेते, असं मावशींचं मत होतं. ताई तोवर घरी गेलेल्या असत. बाई मान हलवून मुलीला घेऊन जाई.

मग सहाव्या मोठ्या मॅडम आल्या. यांनी रंग बदलला नाही. यांनी त्याहून वाईट केलं, सगळ्यांना नियोजनात घेतलं. त्यांनी कसला तरी अभ्यासक्रम केला होता आणि त्यात शिकवलं होतं म्हणे, की मुलांचे उपक्रम एकटीनं ऑफिसात बसून ठरवायचे नसतात. ताई, स्वयंपाकाच्या बाई, गेटवाले काका, मावशी, सगळ्यांनी मिळून ठरवायचे. दर बुधवारी, दुपारी दीडला. त्या वेळी मुलं झोपलेली असतात, म्हणजे सगळे मोकळे. झोपलेल्या बेचाळीस मुलांजवळ मग कोण बसणार, हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं. पहिल्याच बुधवारी ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि उपाय निघाला: मावशींची खुर्ची दारात ठेवायची. एक कान मीटिंगकडे, एक कान मुलांकडे. मावशींना मोठ्या मॅडमनी स्वतः खुर्ची आणून दिली आणि म्हणाल्या की आता इथे कुणी लहान-मोठं नाही.

मग चिठ्ठ्या वाटल्या. मॅडमना गुलाबी, ताईंना निळ्या, बाकीच्यांना पिवळ्या. लहान-मोठं कुणी नाही, पण रंग तेवढे वेगळे. मावशींनी तिथल्या तिथे मॅडमचं नाव तक्ताबाई ठेवलं, कारण या सगळ्या चिठ्ठ्या एका भल्या मोठ्या तक्त्यावर चिकटवायच्या होत्या. गेटवाल्या काकांनी गेटला तेल घालावं असं सुचवलं. तो उपक्रम होत नाही असं त्यांना गोड शब्दांत समजावलं गेलं. मावशी मूग गिळून बसल्या होत्या. चष्म्याच्या ताई शेजारी आल्या, पिवळी चिठ्ठी घेतली आणि म्हणाल्या, तुम्ही बोला, मी लिहिते. मावशी बोलल्या नाहीत. ताईंनी तरीही लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, की मावशी सुचवतात, हात धुण्याचं गाणं. टाळ्या वाजल्या. मावशींनी जन्मात ते गाणं ऐकलं नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांना ते बेसिनपाशी उभं राहून म्हणावं लागलं.

तक्त्याचा एक नियम होता: जे तक्त्यात नाही ते बालवाडीत नाही. झोपेच्या तासाला तक्त्यात झोप होती, म्हणून घुमीनं गादीवरच पडायचं असं ठरलं. बोळातलं काम बंद झालं. प्रत्येक उपक्रमाला प्रत्येक मुलापुढे खूण करायची होती, आणि घुमीच्या ओळीत एकही खूण नव्हती. तीन आठवड्यांनी मावशींनी धूळ झटकताना वही उघडली. लिहिलं होतं, ‘सहभाग नाही. मुलगी अजून तयार नाही. एक वर्ष घरी ठेवावे असे पालकांना पत्राने कळवणे. जागा प्रतीक्षा यादीतील पहिल्या मुलास.’ खाली पत्राची तारीख होती, येता सोमवार.

मावशींनी वही मिटली आणि ते टेबल त्यांनी तीनदा पुसलं. घरी ठेवा म्हणे. घरी होतं कोण? आई काउंटरवर, बाप कुठे होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोर कुणा शेजारणीच्या खोलीत टीव्हीसमोर बसेल आणि खरोखरच घुमी होईल. हे थांबवायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते फक्त मावशींपाशी होतं. पण ते तक्ताबाईपुढे ठेवायचं, पिवळ्या चिठ्ठीवर, या विचारानं त्यांच्या तोंडाला कडू चव येत होती.

बुधवारी त्या बोलल्या. दारातल्या खुर्चीत बसूनच, कुणी विचारलं नसताना. मावशींनी सांगितलं की ती पोर नॅपकिनांच्या घड्या फार सुरेख घालते, तिला ते करू द्या आणि मग काय लिहायचं ते लिहा. एवढंच सांगितलं. हजेरीचं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या मनात आलं की नको, यांना आपल्या डोळ्यांनी बघू दे. पोर यांच्यादेखत न आलेल्यांचे नॅपकिन काढून खिडकीत नेऊन ठेवेल, आणि तेव्हा या शहाण्या बायकांची तोंडं कशी होतात ते मला बघायचंय. बावीस वर्षांत एकदा तरी.

मोठ्या मॅडम हरखून गेल्या. सहभागाचं हेच तर फळ, असं म्हणाल्या. पत्राचं त्यानंतर बघू, असं ठरलं. उपक्रमाला तिथेच नाव मिळालं, ‘घडी-खेळ’, आणि तो गुलाबी चिठ्ठीवर गेला. शुक्रवारी सकाळी दहाला, मोठ्या खोलीत, बारा मुलं. घेणार चष्म्याच्या ताई. मावशींनी साहित्य पुरवायचं आणि मागे उभं राहायचं; उपक्रम चालू असताना मदतनिसांनी मध्ये बोलायचं नाही. मावशींना वाटलं, न बोलताच गंमत बघायला मिळणार आहे, मग बोलतंय कोण.

शुक्रवारी सकाळी त्या नॅपकिनांची टोपली घेऊन गेल्या तर टेबलांवर आधीच गठ्ठे मांडलेले होते. जाड लोकरी कापडाचे चौकोन, नवे, सगळे एकसारखे निळे. वापरायचे नॅपकिन स्वच्छतेच्या दृष्टीनं बरे नव्हेत, आणि चित्रांमुळे मुलांचं घडीवरचं लक्ष उडतं, असं ताईंनी त्यांना कुजबुजत सांगितलं. टोपली मावशींच्या कमरेवरच राहिली.

मुलं बसली. अकरा पोरांनी कापडं डोक्यावर घेतली, एकमेकांना मारली, एकानं चावून बघितलं. या सगळ्यांपुढे खुणा झाल्या. घुमीनं पहिला चौकोन उचलला आणि कोपरा बघितला. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. कापड उलटं करून पुन्हा चारही. मग ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तो चौकोन कट्ट्यावर ठेवून आली. दुसरा उचलला. त्याचेही चारही कोपरे बघितले आणि तोही कट्ट्यावर. ताई म्हणत होत्या, इकडे ये, इथे घडी घालायची. घुमी एकेक करून नेत राहिली. तिच्या गठ्ठ्यात बारा चौकोन होते आणि ती बारा वेळा उठली. शेवटी ती रिकाम्या टेबलाशी येऊन बसली आणि पंख्याकडे बघू लागली.

मावशींना कळलं. तिच्या हिशेबी आज कुणीच आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, तशी ताईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि बावीस वर्षं कुणाला न जुमानणाऱ्या मावशी त्या एका बोटानं गप्प झाल्या. वहीत ताईंनी लिहिलं, ‘साहित्य बाजूला टाकते. सूचना कळत नाहीत. सहभाग नाही.’ पत्र सोमवारी गेलं.

त्या बुधवारी चिठ्ठीवर लिहायचं होतं, ‘या आठवड्यात मी काय शिकले.’ चष्म्याच्या ताई नेहमीप्रमाणे मावशींची चिठ्ठी उचलायला आल्या. मावशींनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि लिहिलं. खोलीतले सगळे बघत होते. लिहून झाल्यावर चिठ्ठी त्यांनी मोठ्या मॅडमच्या हातात दिली. तीत असं होतं: ‘त्या कापडावर चित्रं नव्हती. जे मूल आलं नाही त्याचा नॅपकिन ती खिडकीत ठेवते. तिला सगळी मुलं ठाऊक आहेत. चूक तिची नाही, आपली आहे. माझी जास्त.’

मॅडमनी ती वाचली. मग पुन्हा वाचली आणि ताईंकडे दिली. मावशी त्यांच्या तोंडांकडे बघत होत्या. हेच तर बघायचं होतं त्यांना.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "तुमचं अक्षर किती सुंदर आहे."

ताईंनी विचारलं की इतकी वर्षं तुम्ही सांगितलं कसं नाहीत. मॅडमना मावशींचं लिहिणं हीच या वर्षाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. ती चिठ्ठी दर्शनी फळ्यावर लावायचं ठरलं आणि पुढच्या महिन्यापासून खुंट्यांवरच्या पाट्या मावशींनीच लिहायच्या असंही. मुलीचं काय, असं मावशींनी विचारलं. मॅडमना मनापासून वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण पत्र गेलं होतं, नव्या मुलाच्या पालकांना होकार दिला होता. ही माहिती वेळेवर मिळाली असती तर नियोजनात नक्की घेता आली असती, असं त्या म्हणाल्या. मावशींना त्यांच्या या वाक्यात नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

शुक्रवार घुमीचा शेवटचा दिवस होता. आई त्या दिवशी पाचच्या आधीच आली, रजा काढून. खुंटीवरची पिशवी काढली, डबा पिशवीत टाकला आणि बोळात मावशींपुढे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "चल. उद्यापासून यायचं नाही आपल्याला."

घुमीनं तिच्याकडे बघितलं. मग ती स्टुलाजवळच्या ढिगापाशी गेली. घड्या झालेले बेचाळीस नॅपकिन होते. तिनं एकेक बाजूला सारत मधला एक ओढून काढला आणि कट्ट्यावर नेऊन नीट ठेवला. लाल दोऱ्याची छत्री. घुमीचं चित्र छत्री होतं.

"हे काय करतेय ती?" आईनं विचारलं.

मावशींनी सांगितलं. चार महिने जपून ठेवलेलं सगळं सांगायला अर्धं मिनिट लागलं. चित्रांचं, खिडकीचं, गोवर आलेल्या घंटेचं, रोजच्या हजेरीचं. बाई पिशवी छातीशी धरून ऐकत होती. मध्ये एकदा तिनं कट्ट्यावरच्या नॅपकिनकडे बघितलं. ती रडली नाही आणि ओरडलीही नाही. ओरडली असती तर मावशींकडे उत्तर होतं. ओरडणाऱ्या आयांसाठी त्यांच्या जिभेवर बावीस वर्षांची उत्तरं तयार होती.

"मी रोज विचारत होते," बाई म्हणाली.

मावशी घाईघाईनं खाली वाकल्या आणि त्यांनी मुलीचा पाय हातात घेतला. बुटाची नाडी बांधलेलीच होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.